प्लेटमधलं काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

दुकानाचा माळा यंदा दिवाळीच्या आधी रिकामा करायचाच असं ठरवलं होतं, कारण सात पोती झाली होती आणि वरच्या फळ्या वाकायला लागल्या होत्या. सगळ्या पोत्यांत खराब प्लेटा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. इचलकरंजीत बोर्ड रिपेअरिंगचं दुकान म्हणजे मोबाईल-टीव्हीपेक्षा मागाचंच काम जास्त असतं, रॅपिअर आणि एअरजेट माग, नक्षी उठवणारी इलेक्ट्रॉनिक डॉबी, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवरचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोल), आणि जी प्लेट दुरुस्त होत नाही ती कारखानदार परत नेत नाही, "ऱ्हाऊ दे अण्णा तुमच्याकडंच, कशाला तरी लागंल" म्हणतो आणि गाडीला किक मारून जातो. कशाला तरी लागते हे खरंच आहे, पण दोन-चार पार्ट काढून झाले की उरलेली प्लेट पोत्यात आणि पोतं माळ्यावर.

आधी मी काय करायचो, तर वर्षातनं एकदा भंगारवाले मामा टेम्पो घेऊन यायचे, पोत्यासकट काट्यावर ठेवायचं, एकच भाव, पैसे घ्यायचे, संपलं. अख्ख्या मालाला एकच भाव. त्यात अर्धा-अर्धा किलोच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, हीट सिंका (पार्ट थंड ठेवणारे ठोकळे) असायच्या, लोखंडी पट्ट्या असायच्या, ट्रान्सफॉर्मर असायचे, एखाद्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं सोनेरी बोटांचं (कडेला सोन्याच्या थराच्या पट्ट्या असलेलं) कार्डसुद्धा असायचं, आणि सगळ्याला टीव्हीच्या तपकिरी प्लेटेचा, म्हणजे सगळ्यात हलक्या प्लेटेचा भाव. मामांना मी दोष देत नाही, मिक्स माल आला की घेणारा सगळ्यात हलक्या मालाचाच भाव धरतो, त्याला पुढं निवडायला माणूस लावायला लागतो. पण तीनएक वर्षांपूर्वी मी ठरवलं की निवडायचं काम आपणच करायचं. आणि पहिल्यांदा ते पूर्ण चुकीचं केलं, त्यात माझे तीन आठवडे गेले आणि छातीला त्रास झाला तो वेगळा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्यासारखे रिपेअरिंगवाले गावोगावी आहेत आणि सगळ्यांच्या माळ्यावर हीच पोती आहेत.

झालं असं की व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात बसलं, प्लेटेत सोनं आहे, चांदी आहे, पॅलेडियम आहे, म्हणजे जेवढे पार्ट सुटे करू तेवढा भाव जास्त. हॉट एअर गन होतीच. रोज दुकान बंद झाल्यावर रात्री ९ ते १२ बसायचो, प्लेट व्हाइसमध्ये धरायची, मागनं हवा मारायची, सोल्डर चमकलं की पुढनं टकाटक पार्ट झटकून पाडायचे. आयसी वेगळ्या, मोठे चिप्स वेगळे, पिवळे टँटलम कपॅसिटर वेगळे, कनेक्टर वेगळे, क्रिस्टल वेगळे. श्रीखंडाचे रिकामे डबे आणून त्यात भरले. दिसायला एवढं छान दिसत होतं की मला वाटलं काहीतरी मोठं काम झालं. मग माल घेऊन बाहेरगावच्या एका मोठ्या खरेदीवाल्याकडं गेलो. त्यानं पोत्यातली एक प्लेट उचलून उजेडात धरली, मोकळी जागा दिसली तसं खाली ठेवली आणि म्हणाला, "अहो हा निवडलेला, मोलाचं आधीच काढून घेतलेला माल आहे, ह्याला प्लेटचा भाव कसा मिळंल?" डबे दाखवले तर म्हणाला आयसी घेतो पण ही एवढीशी, ह्यात दहा प्रकार मिसळलेत. शेवटी सगळं मिळून जे आलं ते मामांनी पोत्यासकट दिलं असतं त्यापेक्षाही कमी होतं.

घरी येताना एस्टीत मी हिशोब मांडत बसलो, कुठं चुकलं. आणि तिथं मला ते उमगलं जे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. घेणारा प्लेट विकत घेतो म्हणजे तो त्या प्लेटेतलं मोल सरासरी काढून घेतो. मोलाचं ते तुम्ही आधीच उचललंत तर तुम्ही त्याला चोथा विकताय. भाव वाढवायचा असेल तर मोलाचं काढायचं नाही, बिनमोलाचं काढायचं. जड आणि हलक्या किमतीचं जे जे प्लेटला चिकटलंय ते उतरवलं की उरलेल्या किलोभर प्लेटेत मोलाचा वाटा आपोआप वाढतो आणि प्लेट वरच्या ग्रेडमध्ये जाते. इतकं साधं आहे हे, पण उलटं करायचा मोह होतो कारण सोनं दिसतं आणि लोखंडी पट्टी दिसत नाही.

ह्यामागं कारणही पक्कं आहे. प्लेटा शेवटी जातात कुठं, तर मोठ्या तांब्याच्या भट्टीत, बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर कंपनीची तसली भट्टी आहे, जगभरातनं माल जातो तिथं. भट्टीत तांबं वितळलं की सोनं, चांदी, पॅलेडियम त्या तांब्यात उतरतं आणि मग पुढं ते एकेक करून वेगळं करतात. पण लोखंड आणि ॲल्युमिनियम तांब्यात उतरत नाही, ते मळीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात जातं. ॲल्युमिनियमचं तर ऑक्साइड होऊन मळी घट्ट होते, वाहत नाही, त्यांना तो तापच. म्हणजे तुमची अर्धा किलोची सुंदर हीट सिंक, जिचे इथं कोल्हापुरात फाउंड्रीवाला रोख पैसे देईल, ती तिथं जाऊन नुसती वाया जात नाही तर त्रास देते. मग खालपासून वरपर्यंत प्रत्येक जण त्याचे पैसे कापतो, आणि साखळीत सगळ्यात शेवटचे आपण.

आता एक प्लेट घेऊन दाखवतो. मागच्या महिन्यातच एका ड्राइव्हची पॉवर प्लेट काढली, ती मुद्दाम वजन करून काढली. काट्यावर अख्खी २ किलो ४०० ग्रॅम. पहिल्यांदा मागची जर्मनची हीट सिंक, चार स्क्रू वर आणि मॉड्यूलचे दोन आत, थर्मल पेस्ट वाळून सिमेंट झालेली होती, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, नुसतं डावी-उजवीकडं पिळायचं, कट्ट करून सुटते. ती एकटी १ किलो १५० ग्रॅम. मग लोखंडी पट्ट्या, स्टँड, नट-बोल्ट, पंख्याची जाळी, २६० ग्रॅम. मग ट्रान्सफॉर्मर आणि चोक (तांब्याच्या तारेची वेटोळी), ते सोल्डरचे असतात पण त्यांना गरम करत बसायचं नाही, खालनं पाय पकडनं कापायचे आणि वरनं हलवायचं, ४८० ग्रॅम. खाली उरली नुसती हिरवी प्लेट, ५१० ग्रॅम. म्हणजे २ किलो ४०० मध्ये खरी प्लेट पाव हिस्सासुद्धा नाही, आणि मी इतकी वर्षं बाकीचा पाऊण हिस्सा प्लेट म्हणून विकत होतो.

भाव रोज हलतात आणि गावागणिक वेगळे, म्हणून नुसतं गणित कळावं एवढ्यापुरते आकडे धरू. समजा मिक्स प्लेट १०० रुपये किलो, तर अख्ख्या मालाचे २४० रुपये. आता जर्मन १५० नं धरलं तर हीट सिंकचेच १७२ झाले. ट्रान्सफॉर्मर आतल्या काळ्या फेराइटच्या गाभ्यासकट ८० नं धरले तर ३८, लोखंड ३० नं धरलं तर ७-८ रुपये, आणि स्वच्छ हिरवी प्लेट २५० नं गेली तर १२७. सगळे मिळून ३४५ च्या आसपास. वीस मिनिटांच्या कामाला शंभर रुपये जास्त, आणि हॉट एअर गन लावलेलीच नाही. उलट मी पहिल्यांदा जे केलं ते बघा, त्याच भावानं एक किलो स्वच्छ प्लेटचे २५० येतात, त्यातनं १०० ग्रॅम चिप्स रात्रभर बसून काढल्या, त्या ६०० नं गेल्या तरी ६० रुपये, उरलेली ९०० ग्रॅम प्लेट निवडलेली म्हणून १०० नं गेली तर ९०, म्हणजे दीडशे. शंभर रुपये स्वतःच्या हातानं घालवले, वर वीज, वर वेळ, वर धूर.

धुराचं जरा थांबून सांगतो. मागाच्या प्लेटांवर पारदर्शक लॅकर असते, कापसाचा तूस आणि दमटपणा आत जाऊ नये म्हणून. ती बऱ्याचदा पॉलियुरेथेनची असते आणि ती तापली की आयसोसायनेटची वाफ निघते, त्यानं माणसाला कायमचा दमा लागू शकतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पंखा लावला की हवा थंड होते म्हणून मी पंखासुद्धा बंद ठेवायचो, शटर अर्धं खाली. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री खोकला सुरू झाला, छाती आवळल्यासारखी व्हायची, घरच्यांना वाटलं सर्दी. काम बंद केल्यावर महिन्याभरात गेलं, पण डॉक्टरांनी विचारल्यावर मी काय काय जाळतोय ते सांगताना माझं मलाच वाईट वाटलं. सोल्डरमधल्या शिशाची भीती सगळ्यांना असते, पण सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या तापमानाला शिसं फारसं वाफ होत नाही, ते जातं पोटातनं, हाताला लागलेल्या भुकटीतनं, त्याच हातानं चहाचा कप आणि तंबाखूची चिमूट. पार्ट झटकून पाडले की सोल्डरचे बारीक गोळे सगळीकडं उडतात, कपड्यावर, केसात. तेच कपडे घालून घरी जाऊन पोराला उचलायचं. म्हणून आता दुकानात वेगळा शर्ट आहे आणि जेवायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात.

दुसरा धोका करंटचा, तो आपल्या लायनीत सगळ्यांना माहीत आहे तरी सांगतो. २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय झाले की ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि थ्री फेजच्या ड्राइव्हमध्ये ५८० च्या वर. प्लेट चार दिवस पडून आहे म्हणून कपॅसिटर रिकामा असेलच असं समजायचं नाही, त्याला रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टन्स उडालेला असला तर तो भरलेलाच बसतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय असेल तर सोडा, होल्डरला दोन वायरी लावून ६० वॅटचा पिवळा बल्ब ठेवा, एकदा उजळतो आणि हळूहळू विझतो, तो विझताना दिसला की जिवात जीव येतो. थ्री फेजच्या ड्राइव्हला दोन बल्ब सिरीजमध्ये, एकट्याला तो दाब झेपत नाही. आणि मग मीटर लावून बघायचंच.

सेल आणि बॅटऱ्या तर सगळ्यात आधी. मदरबोर्डवरचा बटन सेल, जुन्या पीएलसीवरची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरची) निळी किंवा हिरवी निकेल-कॅडमियमची बॅटरी जी फुटून ट्रॅक खाऊन टाकते, मीटरमधले लिथियमचे सेल. हे प्लेटेबरोबर गेले आणि पुढं मशीनमध्ये चिरडले तर आग लागते. मी सेल काढल्या काढल्या त्याच्यावर टेप मारतो आणि प्लॅस्टिकच्या बरणीत टाकतो, धातूच्या डब्यात कधीच नाही.

मग हातानं उपटून निघतं ते. रॅम, प्रोसेसर, खाचेत बसवलेली कार्डं. ह्यांचा भाव मुळातच वेगळा लागतो, त्यामुळं ती काढली म्हणून प्लेटला कुणी निवडलेली म्हणत नाही. पण रॅमची सोनेरी बोटं कात्रीनं कापून वेगळी विकायचा उद्योग करू नका, अख्खी रॅमच चांगल्या भावानं जाते. प्रोसेसरमध्येही फरक आहे, १९९५ च्या पेंटियम प्रोसारखे सिरॅमिकचे जुने जे आहेत त्यांच्यात सोनं भरपूर, ते हातात घेतले तरी वजनानं कळतात. २००४ ला इंटेलचं ७७५ सॉकेट आलं तेव्हा पिना प्रोसेसरवरनं निघून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये गेल्या, म्हणजे तेव्हापासून सॉकेट बोर्डवरच राहू द्यायचं, ते उचकटलं की बोर्ड निवडलेला झालाच.

पिवळं दिसलं की सोनं, हा समज तर इतका घट्ट आहे की मला रोज कुणीतरी विचारतं. अख्खी प्लेट सोनेरी दिसते ना, तिच्यावरचा थर बहुतेक वेळा ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचा असतो, नुसता सोल्डर नीट धरावं म्हणून दिलेला. बोटांवरचा, जिथं घासाघीस होते, तो चांगल्या कार्डावर पाऊण मायक्रॉनच्या आसपास. हिशोब करा, एक चौरस सेंटिमीटरवर पाऊण मायक्रॉन म्हणजे दीड मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. एक ग्रॅम सोनं जमवायला जवळजवळ सातशे चौरस सेंटिमीटर नुसती बोटं लागतील, आणि ती पण चांगल्या थराची. छोट्या तपकिरी कपॅसिटरातल्या पॅलेडियमचंही असंच, जुन्या प्लेटांत ते असायचं, पण १९९० च्या दशकाच्या शेवटी पॅलेडियम भयंकर महाग झालं आणि कंपन्या निकेलवर गेल्या. आजच्या सेट टॉप बॉक्समधला कपॅसिटर उपटून बसलात तर हातात निकेल येणार.

आता चांदी. ह्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायचं आहे, कारण आपल्या शेजारीच हुपरी आहे, चांदीचं गाव, आणि इथं कुणालाही रिलेच्या पॉइंटात चांदी असते हे कळलं की पहिला विचार तोच येतो, नेऊन आटवूया. माझ्याही मनात आला होता. रिले, कॉन्टॅक्टर, मागाचे जुने स्टार्टर, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, ह्यांच्या पितळी पट्टीवर जो बारीक पांढरा टिकलीसारखा पॉइंट असतो तो चांदीचाच असतो, कटरनं पट्टीचा तेवढा तुकडा कापला की झालं. मोठ्या कॉन्टॅक्टरचा पॉइंट तर करंगळीच्या नखाएवढा, वरनं काळा झालेला, कानशीनं जरा घासला की आत पांढरीशुभ्र चमक. वर्षभरात साठले तर चांगले पैसे आहेत, हे काढण्यात खरंच फायदा आहे, कारण पट्टीचं पितळही वेगळं विकलं जातं. पण मी तुकडे घेऊन एका ओळखीच्या आटणीवाल्या काकांकडं गेलो तर त्यांनी डबी उघडून बघितली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाले, "हे आमच्याकडं नको आणू बाबा. ह्यात कॅडमियम असतं. आमच्यातला एक जण एका रात्रीत गेलाय त्या वाफेनं."

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की पॉइंट वेल्डिंग होऊन चिकटू नये म्हणून चांदीत दहा-पंधरा टक्के कॅडमियम ऑक्साइड घालत, कितीतरी वर्षं तेच चालत होतं. चांदी वितळते ९६२ डिग्रीला, आणि आटणीच्या आचेत ऑक्साइड सुटून कॅडमियम मोकळं झालं की ते ७६७ लाच उकळतं, म्हणजे चांदी आटवायला घेतली की विष हवेत. आणि त्याचं वाईट म्हणजे त्या वेळी काहीच होत नाही, माणूस जेवून-खाऊन झोपतो आणि काही तासांनी श्वास लागायला लागतो, ताप आल्यासारखं वाटतं, लोक सर्दी समजून गोळी घेतात. कुठल्या पॉइंटात कॅडमियम आहे आणि कुठल्यात टिन ऑक्साइड किंवा निकेल आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून पॉइंट कापा, साठवा, पण आटवू नका, घरी तर नाहीच नाही, आणि कुणा गरीब आटणीवाल्याला न सांगता पण देऊ नका. मी ते पॉइंटच विकत घेणाऱ्या रिफायनरीवाल्याकडं देतो, पट्टीच्या तुकड्यासकट, तो तपासून टक्का काढतो.

एवढं सगळं भंगाराचं झालं, पण आपण रिपेअरिंगवाले आहोत आणि आपला खरा पैसा भंगारात नाहीच. हॉट एअर गन लावायची एकच जागा मी मान्य करतो, जो पार्ट चालू आहे आणि पुन्हा बसणार आहे तो काढायला. जुन्या डॉबीच्या प्लेटेवरचा एखादा ड्रायव्हर आयसी जो आता बनतच नाही, त्याचं धातू म्हणून मोल काही पैशांचं, आणि चालू असला तर एका कारखानदाराचा माग सुरू करतो. डिस्प्ले, एनकोडरचे (मोटरचं फिरणं मोजणाऱ्या पार्टचे) कनेक्टर, चालू मॉड्यूल, चांगल्या मेकचे रिले, हे सगळं पहिल्या दिवशीच बघून घ्यायचं, प्लेट पोत्यात जायच्या आधी. एकदा पोत्यात गेली की पिना वाकतात, पाणी लागतं, मग ती नुसतं भंगार. दुरुस्त होणार नाही असं दिसणाऱ्या प्रत्येक प्लेटेवर मी आता मार्करनं लिहून ठेवतो, कुठल्या मागाची, काय गेलंय, काय चालू आहे. हे पाच मिनिटांचं लिहिणं सगळ्यात जास्त पैसे देतं, शपथेवर सांगतो.

आणि काढलेला पार्ट काढलेला म्हणूनच विकायचा. हे मी पोटतिडकीनं लिहितोय कारण ह्यात मी भोगलंय. एका एअरजेटच्या प्लेटला आयसी लागत होती, बाहेरनं मागवली, नवी म्हणून नव्याच्या पैशात. ट्यूबमध्ये नीट भरलेली, नंबर कडक छापलेला. बसवली, दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी प्लेट पुन्हा टेबलावर, जॉबर (कारखान्यात माग सांभाळणारा) तोंड वाईट करून उभा, माग रात्रभर बंद. आयसी उतरवून ॲसिटोनचा बोळा वरून फिरवला तर काळा रंग बोळ्याला आला आणि खालनं घासलेला पृष्ठभाग आणि जुन्या नंबराची पुसट रेघ दिसली. म्हणजे कुणीतरी भंगाराच्या प्लेटेवरनं काढलेली, कानस मारून, काळा रंग देऊन, वर दुसराच नंबर छापलेली. पाय नीट बघितले असते तर कळलं असतं, त्यांच्यावर जुन्या सोल्डरचा बारीकसा फुगवटा होता. तेव्हापासून मी माझ्याकडचा काढलेला पार्ट देताना बिलावर जुना काढलेला असं लिहितो, टेस्ट केलेला आहे का नाही तेही, आणि नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात देतो. गिऱ्हाईक नाराज होत नाही, उलट परत येतं.

शेवटचा विषय ॲसिडचा, त्यावर मला फार बोलायला लागतं कारण पोरं विचारतात, अण्णा घरीच सोनं काढू का. मुरादाबाद पितळेचं गाव, धातूची जाण पिढ्यान्‌पिढ्या, तिथं प्लेटा जाळायचं आणि ॲसिडनं धुवायचं काम घराघरात शिरलं आणि रामगंगेच्या काठी काळ्या राखेचे ढीग पडले. आपल्याकडं पंचगंगा आहे, तिचं काय झालंय ते आपण रोज बघतो. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली तेव्हा घराघरात पेशंट होते, आमच्या गल्लीतपण होते. त्या गावात बसून मी नायट्रिक ॲसिडचा कॅन उघडून गटारात ओतणार नाही, कुणी कितीही भाव सांगितला तरी. आणि कायद्यानंही ते चालत नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, प्रक्रिया करायची तर नोंदणी झालेल्या रीसायकलरनंच करायची, त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर सापडते. अडचण एवढीच आहे की ते लोक दहा-वीस किलोसाठी येत नाहीत. ती अडचण आम्ही चार दुकानदारांनी मिळून सोडवली, प्रत्येकानं आपापला माल साफ करायचा, ग्रेडप्रमाणं पोती वेगळी, पोत्यावर नाव आणि वजन, आणि सगळं एकाच्या गोडाऊनला जमवून मग फोन करायचा. साफ आणि वेगळा केलेला माल म्हटल्यावर ते येतातही आणि पोतं उपसून वाद घालत बसत नाहीत.

सात पोत्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. जर्मन निघालं एक पोतं भरून, लोखंड अर्धं, ट्रान्सफॉर्मर दोन गोण्या, ते मी अजून विकले नाहीत कारण पावसाळ्यात फेराइट फोडून तांबं मोकळं करायला घरातला पुतण्या तयार झालाय, गॉगल घालून, कारण फेराइट काचेसारखं उडतं. तपकिरी प्लेटा मामांनाच दिल्या, त्यांचा माझा वीस वर्षांचा व्यवहार आहे आणि त्या मालाला भावही तोच योग्य. हिरव्या प्लेटांची दोन पोती आणि टेलिफोनच्या कार्डांची एक छोटी पिशवी तेवढी चौघांच्या मालात जाणार आहे. सेलची बरणी काठोकाठ भरलीये, तिच्यावर टेप अजून एकदा तपासायची आहे. आणि एक मार्कर संपला, नवीन आणायला लागेल, कारण आज सकाळीच आणखी तीन प्लेटा आल्यात आणि त्यातल्या एकीचा डिस्प्ले अजून चालू आहे.